पूर्ण शहाण्याची सही

आमच्या जेऊरच्या स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर तासभर बसले की तालुक्याचे राजकारण आपोआप कळते. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्टेशन. पुण्याला नोकरी करणारी मुले, सोलापूरला कोर्टकचेरीसाठी निघालेले शेतकरी, करमाळ्याहून आलेले व्यापारी, सगळे इथे भेटतात. बँकेतून निवृत्त होऊन गावी राहायला आल्यापासून वर्तमानपत्राच्या आधी मी या टपरीवरच्या बातम्या ऐकतो. मागे एका निवडणुकीच्या दिवसांत तिथे एका तरुणाची चर्चा चालली होती. हातात लॅपटॉप, पायात पांढरे बूट, एका उमेदवाराच्या बंगल्यावर मुक्काम. कोणत्या गावात कोणत्या भावकीची किती मते, कोणाला कसे वळवायचे, हे तो उमेदवाराला सांगत असे आणि त्याचे पैसे घेत असे. यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. वावगे वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. आधीच्या निवडणुकीत हाच मुलगा समोरच्या उमेदवाराच्या बंगल्यावर उतरला होता, असे कोणीतरी सांगितले. काही हसले, काही चिडले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र एवढेच विचारले की हा माणूस नेमका कोणाचा म्हणायचा. त्याला कोणी उत्तर दिले नाही. मीही नाही.

देशाच्या पातळीवर आपण हे पाहिलेच आहे. प्रशांत किशोर यांनी २०१४ मध्ये नरेंद्र मोदींच्या प्रचाराची आखणी केली आणि २०१५ मध्ये बिहारात मोदींच्या विरोधातील महाआघाडीची. त्या वेळी हा धंदा नवा आहे, पाश्चात्त्यांकडून आलेला आहे, असे पुष्कळांनी लिहिले. मला ते पटले नाही. अडीचशे वर्षांपूर्वी पुण्याच्या दरबारात एक गृहस्थ हेच काम करत होते. लॅपटॉपऐवजी त्यांच्याकडे बोरू होता आणि मतांऐवजी घोडदळाचा हिशेब होता. त्यांचे नाव सखाराम भगवंत बोकील. इतिहास त्यांना सखारामबापू म्हणून ओळखतो. ‘स्वामी’ वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला तर ते चांगलेच परिचयाचे आहेत, आणि फारसे आवडते नाहीत.

आपली भाषा शहाण्यांच्या बाबतीत मोठी खट्याळ आहे. एकापेक्षा जास्त शहाणपण दाखवणाऱ्याला ती दीडशहाणा म्हणून खाली बसवते. पण पेशवाईतील चौघांना तिने मानाने मोजून ठेवले आहे. ते साडेतीन शहाणे. पहिले सखारामबापू बोकील, दुसरे नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, तिसरे निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस. नानांना अर्धे का म्हटले, याचे कारण साधे आहे. त्यांच्याकडे बुद्धी होती, पण तलवारीचे अंग नव्हते. बापू लेखणी आणि तलवार दोन्हीचे, म्हणून पूर्ण शहाणे. गंमत अशी की या पूर्ण शहाण्याला शेवटी अर्ध्या शहाण्याने किल्ल्यावर डांबले आणि पूर्ण शहाणा तिथेच मेला. हे कसे घडले ते समजून घेताना मला टपरीवरच्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

बापूंचे घराणे सासवडजवळच्या हिवऱ्याचे, कुलकर्णी वृत्तीचे. याच बोकील घराण्यात शिवाजी महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ होऊन गेले. १६५९ साली अफजलखानाशी बोलणी करायला महाराजांनी पाठवले ते हेच पंताजीपंत. म्हणजे शत्रूच्या गोटात बसून गोड बोलायचे, त्याच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचे आणि आपल्या मनातले कळू द्यायचे नाही, ही विद्या या घरात जुनीच होती. पंताजीपंतांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र स्वच्छ होती. त्यांचा धनी एकच होता. ते खानापुढे काय बोलतात हे महाराजांना ठाऊक होते. बापूंच्या आयुष्यात नेमके तेवढेच राहून गेले.

बापू पुढे आले ते कारकुनीतून. रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, उत्तरेच्या मोहिमांवर जाऊ लागले तेव्हा बापू त्यांचे कारभारी झाले. दादा शूर, उतावळे आणि कानाचे हलके. अशा धन्याजवळच्या सल्लागाराला किंमत येते, कारण धन्याला स्वतःला विचार करण्याचा कंटाळा असतो. १७५८ साली मराठी फौजा लाहोरपर्यंत गेल्या. नाव मोठे झाले, पण दादा परतले ते कर्ज घेऊन. सैन्याचा पगार, सावकारांचे व्याज, सरदारांचे रुसवेफुगवे, हे सगळे निभावून नेणारा माणूस दादांच्या जवळ हवाच होता. या काळात बापू एक गोष्ट पक्की शिकले असावेत. धनी कितीही मोठा असो, तो उद्या पडू शकतो. तेव्हा आपला पाय दुसऱ्या कुठल्या तरी दगडावर असलेला बरा.

याबद्दल त्यांना लगेच दोष देण्याआधी तो काळ आणि हा मुलूख ध्यानात घ्यायला हवा. आमच्या करमाळ्याचेच पाहा. इथल्या रावरंभा निंबाळकरांचा मूळ पुरुष शाहू महाराजांच्या पक्षातून निघून निजामाकडे गेला आणि तिथे मानाला चढला. करमाळ्याला कमलाभवानीचे देऊळ उभे राहिले ते याच घराण्याच्या हातून. पेशवे आणि निजाम यांच्या सीमेवरच्या या पट्ट्यात एकाच गावाचा वसूल दोन्हीकडे जात असे. कोणाचे राज्य किती दिवस टिकेल याचा भरवसा नसताना दोन चुलींवर भाकरी भाजणे याला लोक बेइमानी म्हणत नसत, व्यवहार म्हणत. बापू या व्यवहारातच वाढले होते.

१७६१ साली पानिपत झाले. नानासाहेब पेशवे खचून वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे पडली. कारभार दादांच्या हाती, आणि दादांचा कारभार बापूंच्या हाती. मुलगा लवकरच स्वतःच्या डोक्याने चालू लागला, तेव्हा चुलत्या-पुतण्यांत ठिणगी पडली. १७६२ च्या नोव्हेंबरात घोडनदीला आणि मग आळेगावला लढाया झाल्या. दादांनी निजामाची मदत घेतली होती. माधवराव हरले. राज्य दुभंगू नये म्हणून ते स्वतः चालत चुलत्याच्या छावणीत गेले आणि त्यांनी त्याच्या हाती आपल्याला सोपवले. त्या दिवशी बापू जिंकलेल्या बाजूला होते. पण पराभूत होऊन आत आलेल्या त्या मुलाकडे पाहताना उद्याचा धनी हाच, हे त्यांच्यासारख्या माणसाच्या ध्यानात आले नसेल, असे मला वाटत नाही.

पुढल्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे जाळले. त्याच्या बाजूला विठ्ठल सुंदरांची बुद्धी होती, आणि नागपूरचे जानोजी भोसलेही त्यालाच मिळालेले होते. मग जानोजींना आतून फोडण्यात आले, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाचा मोठा पराभव झाला. विठ्ठल सुंदर रणात पडले. साडेतीनातला एक शहाणा असा कमी झाला. या लढाईनंतर माधवराव खऱ्या अर्थाने पेशवे झाले. दादांचा जोर ओसरत गेला आणि १७६८ साली धोडपच्या लढाईनंतर ते शनिवारवाड्यात नजरकैदेत येऊन पडले. बापूंचे मात्र संपले नाही. माधवरावांचा त्यांच्यावर पुरता विश्वास नव्हता, पण त्यांच्यावाचून अडतही होते. असा माणूस दूर ठेवण्यापेक्षा जवळ ठेवून त्याच्यावर नजर ठेवावी, हा माधवरावांचा हिशेब असावा. माधवराव होते तोवर तो बरोबर ठरला. धनी खंबीर असला की दोन दगडांवर पाय ठेवणारा सल्लागारही सरळ चालतो.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला वारले. नारायणरावांना वस्त्रे मिळाली तेव्हा कारभारी सखारामबापूच होते. पुढे नऊ-दहा महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दिवसा शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. या खुनाची हकीकत मराठी माणसाला शाळेपासून पाठ आहे. ‘भाऊबंदकी’ नाटकाने रामशास्त्र्यांचा करारीपणा घरोघरी पोचवला. रामशास्त्री दादांना दोषी ठरवून पुणे सोडून गेले. बापू गेले नाहीत. नारायणरावांना पकडण्याचा बेत शिजत आहे याची त्यांना कुणकुण होती की नाही, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पुरावा नाही, म्हणून मी तो आरोप त्यांच्यावर ठेवणार नाही. पण राज्याचा मुख्य कारभारी असून वाड्यातली एवढी मोठी गोष्ट ज्याला कळली नाही तो शहाणा कसला, आणि कळूनही गप्प बसला तर तो कारभारी कसला, हा पेच मला सुटलेला नाही.

खून झाल्यावर दादा पेशवे झाले आणि फौज घेऊन निजाम व हैदर यांच्याकडे निघाले. बापू बरोबर होते. वाटेत केव्हातरी त्यांची प्रकृती बिघडली. निदान तसे सांगण्यात आले. औषधपाण्यासाठी रजा घेऊन ते पुण्याला परतले आणि पुण्यात पाऊल टाकताच ठणठणीत बरे झाले. आजही एखादा पुढारी पक्ष सोडण्याआधी दवाखान्यात दाखल होतो तेव्हा मला बापूंचे हे आजारपण आठवते. पुण्यात नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्र्यंबकराव मामा पेठे वगैरे मंडळींनी दादांना पदच्युत करण्याचा बेत रचला होता. नारायणरावांची विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १७७४ च्या जानेवारीत त्यांना पुरंदर किल्ल्यावर नेण्यात आले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. हेच ते बारभाईंचे कारस्थान. त्या बारांमध्ये वयाने, अनुभवाने आणि नावाने सर्वांत वजनदार होते ते बापू. दादांचाच जुना कारभारी दादांच्या विरुद्ध उभा आहे, ही गोष्टच दरबारातल्या कित्येक कुंपणावरच्या सरदारांना पुरेशी वाटली.

या कारस्थानाची पहिली मोठी किंमत आमच्या सोलापूर जिल्ह्यात मोजली गेली. १७७४ च्या मार्चमध्ये त्र्यंबकराव पेठे बारभाईंची फौज घेऊन दादांच्या मागावर निघाले आणि पंढरपूरजवळ कासेगावला दोघांची गाठ पडली. मागून येणारी कुमक पोचायच्या आत लढाई जुंपली. त्र्यंबकराव जखमी होऊन पकडले गेले आणि त्यातच वारले. आम्ही जेऊरचे लोक पंढरीच्या वारीला टेंभुर्णीवरून जातो. तिथून पुढे चार कोसांवर ही लढाई झाली हे आमच्या शाळेत कोणी सांगितले नव्हते. नकाशावर कासेगाव पाहिले तेव्हा मनात आले, बेत आखणारे पुण्यात होते आणि मेलेला माणूस इथे पडला. सल्लागारीच्या धंद्यात बहुधा असेच होते.

कासेगाव जिंकूनही दादा पुण्यावर चालून गेले नाहीत, उत्तरेकडे वळले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरवर गंगाबाईंना मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला, सवाई माधवरावांना, पेशवाईची वस्त्रे आणवली गेली. बारभाईंचा डाव जिंकला. आणि जी भीती होती तेच झाले. हाकललेले दादा गुजरातेत जाऊन इंग्रजांच्या दारी उभे राहिले. १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला आणि साष्टी-वसईच्या बदल्यात मुंबईकर इंग्रज दादांना पुण्याच्या गादीवर बसवायला तयार झाले. घरातले भांडण इंग्रजांच्या दप्तरात गेले ते असे.

कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जला हा मुंबईचा परस्पर व्यवहार मान्य नव्हता. त्याने कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडायचा, दादांनी वेतन घेऊन कोपरगावी स्वस्थ बसायचे, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहायची, असा तो तह. पुण्याच्या बाजूने त्यावर दोघांची नावे होती, सखारामबापू आणि नाना फडणवीस. बापूंच्या आयुष्यातला हा सर्वांत उंच क्षण. हिवऱ्याच्या कुलकर्ण्याचा वंशज आपल्याच मुलखातल्या किल्ल्यावर बसून, पाळण्यातल्या पेशव्याच्या वतीने, कलकत्त्याशी तह करत होता. हीच सही पुढे त्यांच्या गळ्यात आली.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बापूंकडे मी आज ज्या नजरेने पाहतो ती मला तिथून मिळाली. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी एका लहान खेड्यातल्या शाखेचा मॅनेजर होतो. गावात दोन चुलतभाऊ होते, दोघांची मिळून एक विहीर. थोरला एके दिवशी आला आणि पाइपलाइनसाठी कर्ज कसे मिळेल ते विचारू लागला. मी त्याला सांगितले की आधी वाटणी करून सातबारा स्वतःच्या नावे कर. आठवड्याभराने धाकटा आला. भाऊ विहीर बँकेकडे गहाण टाकील अशी त्याला धास्ती होती. मी त्याला लेखी हरकत कशी घ्यायची ते सांगितले, आणि त्याला लिहिता येत नव्हते म्हणून अर्जाचा मसुदा मीच लिहून दिला. दोन्ही सल्ले नियमाला धरून होते. दोघेही मला आपला माणूस समजून निश्चिंत होते. दुसराही माझ्याकडे येऊन गेला, हे मात्र मी दोघांपैकी एकालाही सांगितले नाही. महिन्याभराने हरकतीचा तो अर्ज माझ्याच टेबलावर आला, खाली धाकट्याचा अंगठा आणि वर माझे अक्षर. थोरल्याने अक्षर ओळखले. त्यानंतर त्या भावांनी कित्येक वर्षे एकमेकांचे तोंड पाहिले नाही आणि दोघांनीही माझे. मी कोणाचा पैसा खाल्ला नव्हता, कोणाला खोटे सांगितले नव्हते. तरी त्या दोघांच्या लेखी मी लबाड ठरलो आणि त्यांचे काही चुकले, असे मला म्हणता येत नाही.

पुरंदरच्या तहानंतर पुण्याच्या कारभारात दोन शहाणे एका गादीवर बसले होते. नाना वयाने लहान, अबोल, हिशेबी. दिवसेंदिवस कारभाराच्या दोऱ्या त्यांच्या बोटांत जमा होत गेल्या. बापू ज्येष्ठ, पण हळूहळू नावापुरते. अशात नानांचेच चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी नानांविरुद्ध फळी उभारली. १७७८ साली तुकोजी होळकरांच्या बळावर मोरोबांनी पुण्याचा कारभार काही काळ हाती घेतला. दादांना परत आणावे, असा त्यांचा बेत होता आणि त्यासाठी मुंबईकरांशी संधान होते. मुंबईकर तयार होते, पण त्यांना एक अडचण होती. पुरंदरच्या तहाने दादांचा पक्ष घेण्यास त्यांना बंदी केली होती. तो तह मोडायचा तर त्यावर ज्याची सही आहे त्याचेच लेखी मागणे हाती हवे. म्हणून त्यांना बापूंचा कागद हवा होता. मोरोबांच्या आश्वासनावर त्यांचे भागणार नव्हते. कर्जप्रकरणात आम्ही मूळ जामीनदाराचीच सही मागत असू, शेजाऱ्याची नाही, तसेच हे.

या कटात बापू किती खोल होते, याबद्दल एकमत नाही. मला त्यांचा हेतू नुसता स्वार्थाचा वाटत नाही. दादांना हाकलले म्हणून ते इंग्रजांकडे गेले. त्यांना काही तरी देऊन घरात ठेवले तर इंग्रजांचे पाऊल बाहेर राहील, असा विचार त्यामागे असू शकतो, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. शिवाय नाना एकटेच मालक होऊ लागले होते, त्याला कोठेतरी अडसर हवा, असेही त्यांना वाटले असेल. पण हे त्यांनी दरबारात उभे राहून मांडले नाही. दिवसा ते नानांच्या शेजारी बसत राहिले आणि दुसऱ्या बाजूचे दारही त्यांनी किलकिले ठेवले. नानांनी महादजी शिंद्यांना आपल्याकडे वळवले आणि त्याच वर्षी मोरोबांना पकडून नगरच्या किल्ल्यात टाकले. बापूंच्या केसालाही धक्का लागला नाही. या वेळीही ते वाचले. कदाचित नेहमीच वाचू, असे त्यांना वाटले असेल.

त्या वर्षाअखेर इंग्रजांची फौज दादांना घेऊन बोरघाट चढली. मराठ्यांनी वाटेवरचा मुलूख उजाड करून ठेवला होता. तळेगावापर्यंत येऊन इंग्रजांचा धीर सुटला. ते रातोरात मागे फिरले आणि वडगावला कोंडले गेले. १७७९ च्या जानेवारीत त्यांना मानहानीचा तह करावा लागला. दादा महादजींच्या स्वाधीन झाले. आणि दादांच्या पाठोपाठ त्यांच्याकडचे कागद. त्यांत दादांना पाठिंब्याचा शब्द देणारे, सखारामबापूंच्या सहीचे पत्र निघाले. आयुष्यभर ज्या माणसाने निसटायला एक वाट राखून ठेवली, त्याची वाट त्याच्याच अक्षराने बंद केली.

नानांनी वेळ दवडला नाही. बापूंना पकडून सिंहगडावर नेण्यात आले, तिथून प्रतापगडावर आणि शेवटी रायगडावर. प्रतापगडाच्या त्या मुक्कामाबद्दल ग्रँट डफने एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला हा साहेब. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला. बापू ज्या गडावर कैदेत होते, तिथून ती जागा दिसत होती, जिथे १२० वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजाने, पंताजी गोपीनाथांनी, अफजलखानाचे भवितव्य ठरवले, असे तो लिहितो. डफ पंताजीपंतांना खानाचा फितूर झालेला वकील समजतो. तिथे तो चुकला. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंताजीपंत महाराजांचे वकील आणि कृष्णाजी भास्कर खानाचे. पण डफच्या या चुकीतूनच बापूंची शोकांतिका नीट दिसते. पूर्वजाने शत्रूला फसवले, म्हणून त्याला मान मिळाला. वंशजाचे शत्रू कोण आणि मित्र कोण, हेच कोणाला सांगता येत नव्हते.

१७८१ साली सखारामबापू रायगडावर कैदेतच वारले. ज्या दादांसाठी हे सारे झाले ते दोन वर्षांनी कोपरगावला गेले. पुढची सोळा-सतरा वर्षे मराठी राज्य नानांनी चालवले आणि चांगले चालवले. १७९५ साली आमच्या करमाळ्याच्या शेजारी, खर्ड्याला, निजामाला त्यांनी असे हरवले की सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली उभे राहण्याचा तो शेवटचा प्रसंग ठरला. पण काळाने त्यांनाही सोडले नाही. १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने पकडले आणि कैदेत टाकले ते नगरच्या किल्ल्यात, जिथे त्यांनी मोरोबांना टाकले होते. नाना पैसा भरून सुटले आणि १८०० साली पुण्यात आपल्या अंथरुणावर मेले. त्यांच्यावर नाटके झाली, बदनामीही झाली. पण त्यांची बाजू सांगायला त्यांचे स्वतःचे आत्मवृत्त आहे, मेणवलीचे दप्तर आहे. बापूंच्या वाट्याला तसे काही आले नाही. आज आपण त्यांना पाहतो ते बहुतेक त्यांना कैद करणाऱ्यांच्या नजरेतून, हे त्यांचा निवाडा करताना विसरू नये.

बाजू बदलणारा प्रत्येक सल्लागार बापूंसारखा संपतोच असे नाही. बापूंच्याच पुढच्या पिढीतला फ्रान्सचा तालेराँ राज्यक्रांती, नेपोलियन आणि पुन्हा बूर्बाँ राजे, अशा सगळ्यांची चाकरी करून चौऱ्याऐंशीव्या वर्षी घरी मेला. तेव्हा शेवट कसा झाला यावरून माणूस तोलणे बरोबर नाही. मी त्यांना तोलतो ते वेगळ्या मापाने. बारभाईंचा पक्ष घेतला यात बापूंचा दोष मला दिसत नाही. पुतण्याच्या रक्ताने माखलेल्या धन्याला सोडणे हेच योग्य होते. पुढे दादांशी समेट करावा असे वाटले, यातही राजद्रोह नव्हता. दोष एवढाच की पहिल्या वेळी त्यांनी आजारपणाचे सोंग घेतले आणि दुसऱ्या वेळी चोरून पत्र लिहिले. जे उघड सांगितले असते तर सल्ला ठरला असता, ते लपवल्यामुळे फितुरी ठरले. हा निवाडा मी फार वरून देत नाही. त्या विहिरीच्या प्रकरणात मीही तेच केले होते. फक्त माझ्या हाती राज्य नव्हते, एका शाखेचा शिक्का होता.

टपरीवरच्या म्हाताऱ्याला त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आता मला सापडले आहे. तो मुलगा कोणाचा, हे विचारून उपयोग नाही. तो पैसे देईल त्याचा, आणि ते त्याने कधी लपवले नाही. विचारायचे ते हे की या बंगल्यावर बसून तो जे सांगतो ते त्या बंगल्यावरही कळले तर चालेल का. चालत असेल तर तो खुशाल दहा उमेदवार बदलू दे. पुढच्या निवडणुकीला तो पुन्हा जेऊरला उतरला तर चहा पाजून मी त्याला सांगणार आहे की परत जाताना जरा वाट वाकडी करून सासवडवरून जा. हिवरे तिथून जवळ आहे आणि सासवडच्या वाटेवर पुरंदर दिसतो. त्या गडावर बापूंनी राजरोस सही केली होती. ती एकच सही त्यांनी सांभाळली असती, तर रायगडाची पायवाट त्यांना चढावी लागली नसती.